‘बॅक ऑफ’ : नेमकं कशापासून मागे?

‘बॅक ऑफ’, ‘बॅक डाउन’, ‘बॅक आउट’ या तिघांचाही अर्थ शब्दकोशात ‘माघार घेणे’ असाच सापडतो. मग फरक काय?

घोळ आपल्या ‘माघार’ या शब्दाने होतो, कारण तो तिन्हीकडे चालतो. माणूस कशापासून मागे हटला, हे आधी बघा. अंतर राखलं किंवा दबाव सैल केला, की ‘बॅक ऑफ’. कुत्रा गुरगुरला आणि आपण दोन पावलं मागे सरकलो : ‘वी बॅक्ड ऑफ’. वादात हेका सोडून नमतं घेतलं, की ‘बॅक डाउन’. यात हार मानल्याची छटा आहे, म्हणूनच ‘शी रिफ्यूज्ड टू बॅक डाउन’ हे कौतुकाने म्हटलं जातं. आणि कबूल केलेल्या गोष्टीतून ऐन वेळी अंग काढून घेतलं, तर ‘बॅक आउट’. तिथे ‘बॅक ऑफ’ वापरलंत, तर शब्द फिरवल्याचा ठपका वाक्यातून गळून जातो. माझ्या मते शिकणाऱ्यांची सर्वांत महागाची चूक हीच.

साहेब सारखे मागे लागतात. त्यांना ‘प्लीज बॅक ऑफ’ म्हणू का?

नको! आज्ञार्थात हा प्रयोग ‘माझ्या वाटेला जाऊ नका’ इतका कडक लागतो आणि ‘प्लीज’ने तो मवाळ होत नाही. ‘आय नीड अ लिटल मोअर टाइम’ म्हणा. स्वतःबद्दल मात्र खुशाल वापरा : ‘ओके, आय विल बॅक ऑफ’, म्हणजे ‘बरं, मी आता मागे लागत नाही’.

पुढे ‘फ्रॉम’ लावायचं का?

योजना, मागणी, दावा असं नाम येणार असेल तर लावा : ‘दे बॅक्ड ऑफ फ्रॉम द प्लॅन’. ‘बॅक्ड’चा उच्चार ‘बॅक्ट’.

संगणकाच्या अभ्यासक्रमात ‘एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ’ आहे. तिथे कोण माघार घेतं?

सुंदर प्रश्न. जुन्या इथरनेटमध्ये, म्हणजे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीत, अनेक यंत्रं एकाच केबलवर बोलत. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले, की दोघंही थांबत आणि आपापला यादृच्छिक (रँडम, चिठ्ठी काढल्यासारखा) वेळ मोजून पुन्हा पाठवत. पुन्हा टक्कर झाली, की ज्या मर्यादेतून ही वेळ निवडायची ती मर्यादाच जवळपास दुप्पट होई; ‘एक्स्पोनेन्शियल’ म्हणतात ते यालाच. दहाव्या टकरीनंतर ती वाढायची थांबे. म्हणजे बाजूला व्हायचं, पण परत येण्यासाठी. रोजच्या ‘बॅक ऑफ’मध्येही परतीची वाट अशीच उघडी असते. सोळावा प्रयत्नही फसला, की यंत्र तो संदेश टाकून देई. त्याला मात्र ‘गिव्ह अप’ म्हणायचं.