बेसबॉल कळत नसेल तर 'ट्रबल विथ द कर्व्ह' बघावा का?

हो, जरूर बघा. २०१२ चा हा सिनेमा आहे. गस लोबेल हा अटलांटा ब्रेव्हज संघासाठी गावोगाव फिरून नवे खेळाडू हेरणारा म्हातारा. भूमिका क्लिंट ईस्टवुडची, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. गसची नजर अधू होत चाललीय आणि तो ते सगळ्यांपासून लपवतो. वकील असलेली मुलगी मिकी (एमी ॲडम्स) हातातलं काम सोडून त्याच्यासोबत नॉर्थ कॅरोलिनाला जाते.

नियम माहीत नसले तरी अडत नाही. कर्व्हबॉल म्हणजे फिरत येऊन ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू, एवढं कळलं की पुरे. ज्या पोराचा सगळीकडे गाजावाजा चाललाय, त्याला तोच चेंडू खेळता येत नाही, हे गस बॅटच्या आवाजावरून ओळखतो. दिसत नाही, पण कान शाबूत आहेत! मला तो प्रसंग फार आवडतो.

शेवट आधीच कळतो आणि मिकी आणि जस्टिन टिंबरलेकच्या पात्राचं प्रेमप्रकरण थोडं कमी असतं तरी चाललं असतं. पण बाप-लेकीचं अवघडलेलं बोलणं अगदी खरं वाटतं. बायकोच्या थडग्यापाशी एकटाच बसलेला गस बघताना माझे डोळे भरून आले होते.