मुलाने नर्सिंग घेतलं तर बिघडलं कुठे?

पत्र, थोडक्यात: आम्ही गुहागर तालुक्यातले. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५८ टक्के. आजीला लकवा झाला तेव्हा सहा महिने त्यानेच तिचं सगळं केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तेव्हापासून बीएस्सी नर्सिंग करायचं म्हणतो. पण ही बायकांची नोकरी. भावकी हसेल, उद्या लग्नाला अडचण. धाकटी दहावीत आहे, तिला नर्सिंगला घालू. याला दुसरं काही सुचवा. (एक वडील)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाडीत लग्न निघालं की दोन-तीनशे पानांचा स्वयंपाक आचारी करतो. चुलाण पेटवतो, भात-वरण रांधतो, मजुरी आधी ठरवून घेतो, आणि त्याला कोणी बायकी म्हणत नाही. तेच वरण घरात वहिनी रोज करतात ते मजुरीवाचून, म्हणून ते बायकांचं काम. काम कोणाचं हे पैसा कोणाच्या हाती येतो, घराबाहेर कोणाला पाठवतात आणि कायदे-नियम काय आहेत यावर ठरतं. यातलं काही बदललं की कामही हात बदलतं.

आपल्या चाकरमान्यांच्या गिरण्याच घ्या. वाइंडिंग-रिळिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत एके काळी बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना रात्रपाळीची बंदी झाली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, तो खर्च मालकांवर पडला आणि त्यांनी बायका कमी करत नेल्या. गिरणीकामगार म्हणजे पुरुष, हे चित्र तिथून पक्कं झालं. इकडे गावात लावणी, बेणणी, गोठा, म्हाताऱ्यांची दुखणी बायकांवर आली, कारण पुरुष गणपती-शिमग्यापुरते घरी. आजाऱ्याचं करणं त्यांच्याकडे गेलं त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे.

नर्सिंगचंही तसंच. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा काढली ती स्त्रियांसाठी, आणि पुढे गणवेशापासून वसतिगृहापर्यंत सगळं बाईला धरूनच आखलं गेलं. आपल्या लष्करात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी स्त्रियाच असतात, पण नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होत आले ते जवान पुरुष. पट्टी दोघंही बांधतात.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते आजीच्या पाठीचं वाक्य. लकव्याच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती नको, अंगाखाली ओल नको. टाचा, खुबे, माकडहाड रोज बघायचं. दोन-चार पाळ्या चुकल्या की कातडी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने हे सहा महिने निभावलं. कलचाचणीवर पैसे घालवू नका, ती झालेली आहे.

आता पुढचं. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, ८ सत्रांचं. पीसीबीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के लागतात, ते त्याला आहेत. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीतून होतो. पीसीबीबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगकडे कल (अ‍ॅप्टिट्यूड) आहे का हे बघणारेही प्रश्न असतात. आपली मुलं इंग्रजीत मार खातात, तयारी तिथून सुरू करा. डोमिसाइल, आणि लागू असेल तर जात पडताळणी व नॉन क्रीमीलेअर, आधीच काढून ठेवा. प्रवेशफेरीच्या आठवड्यात तहसीलला रांगा लावून हातची जागा जाते. सीईटीत कमी पडला तर ३ वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका आहे. एएनएम या त्याहून छोट्या नर्सिंग कोर्सकडे वळू नका, ते फक्त मुलींसाठी.

कॉलेज निवडताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा, आणि बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही. 'सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी' असे फलक चिपळूण-रत्नागिरीतही दिसतील. त्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून नर्स म्हणून काम करता येत नाही. दुसरं म्हणजे कॉलेजशी जोडलेलं रुग्णालय जाऊन बघा. खाटा रिकाम्या असतील तर मुलगा शिकणार कोणावर?

मुलाला अडचणी येतील, त्या लपवत नाही. प्रसूती विभागातलं प्रशिक्षण त्यालाही घ्यावं लागेल, आणि तिथे काही बायका नको म्हणतील; तो त्यांचा हक्क आहे. मुलांच्या वसतिगृहाची सोय सगळीकडे नसते. एम्सच्या भरतीत स्त्रिया ८० आणि पुरुष २० टक्के असं प्रमाण ठेवलं गेलं होतं, तेव्हा जाहिरात आली की हा मुद्दा पहिला वाचा. दुसरीकडे आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, अपघात विभाग इथे ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, चांगली मागणी असते.

लग्नाचं म्हणाल, तर केंद्राच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ ला, मूळ वेतन ४४,९०० रुपये. खासगीत सुरुवात बेताची असते, हेही खरं. आखातात जायचं तर नोंदणी, साधारण दोन वर्षांचा अनुभव, कागदपत्रांची पडताळणी आणि त्या देशाची परीक्षा, एवढं लागतं. खेड-राजापूरकडचे कोणी तिकडच्या रुग्णालयांत असतील तर त्यांच्याकडून खरे पगार विचारून घ्या. भावकीला उत्तर द्यायला उपयोगी पडतील.

एक गोष्ट मात्र खटकली. धाकटीला नर्सिंगला घालायचं तुम्ही ठरवलंत, पण तिला काय आवडतं याची एक ओळ पत्रात नाही. तिच्याशी वेगळं बसून बोला. कोणता विषय ती न सांगता अभ्यासते, हातात काय घेऊन बसते, घराबाहेर राहायची तयारी आहे का, हे तिलाच लिहू द्या आणि तो कागद मला पाठवा. अकरावीच्या प्रवेशाआधी पाठवलात तर शाखा निवडायला वेळ राहील.