सिग्निफिकंट : ‘लक्षणीय’ की ‘सार्थ’?

खारघरहून एका भाषांतरकाराने विचारले आहे : फुप्फुसाच्या आजारावरील औषधचाचणीच्या रुग्ण-माहितीपत्रकात ‘चालण्याच्या अंतरात सिग्निफिकंट सुधारणा’ असे आहे. त्याला ‘लक्षणीय’ म्हणावे की ‘सार्थ’?

माहितीपत्रकापुरते बोलायचे तर दोन्ही नकोत.

‘लक्षणीय’मध्ये ‘लक्ष्’ धातूला ‘अनीय’ लागले आहे. दर्शनीय, स्मरणीय यांच्याच घडणीचा शब्द. अर्थ, लक्षात येण्याजोगा. कळवा-ऐरोलीकडचा पेशंट हे वाचून ‘जिना चढताना दम कमी लागेल’ असेच समजणार. संख्याशास्त्राचे म्हणणे मात्र वेगळे आणि बरेच मर्यादित असते : औषधाचा काहीच परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसला असता. हे ‘क्वचित’ किती, ते सांगणारा आकडा म्हणजे पी-मूल्य; त्याची रूढ सीमा ०.०५, म्हणजे शंभरात पाच. फरक किती मोठा, हे त्यात येतच नाही.

हिशेब करून पाहा. सहा मिनिटांच्या चालचाचणीत दोन गटांत सरासरी १० मीटरचा फरक आला आणि माणसागणिक बदलाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा फैलाव) ६० मीटर आहे असे धरू. प्रत्येक गटात ४०० जण असतील तर पी-मूल्य ०.०२ च्या आसपास येते, म्हणजे ‘सिग्निफिकंट’. ५० जणच असतील तर तोच फरक ०.४ वर जातो. उलट, प्रत्येकी १५ जणांत ४० मीटरचा फरक पडला तरी ०.०५ ची सीमा गाठली जात नाही. आता, दीर्घकालीन श्वसनविकारांत पेशंटच्या दृष्टीने महत्त्वाचा किमान फरक साधारण ३० मीटर मानतात. म्हणजे पहिल्या चाचणीचा निकाल ‘लक्षणीय’ छापला जाईल आणि पेशंटला त्यातले काही जाणवेलच असे नाही!

शिवाय १० मीटरचा फरक मोजणीतल्या ढिलाईनेही सहज पडतो. चाचणीला ३० मीटरचा सरळ, सपाट मार्ग लागतो. ठाण्यातल्या जुन्या इमारतींतल्या दवाखान्यांत तेवढी सलग जागा मिळणे अवघड; मार्ग आखूड केला की वळणे वाढतात आणि अंतर घटते. तंत्रज्ञ शेजारून चालला तर पेशंट त्याची चाल पकडतो. दर मिनिटाला ठरलेलेच वाक्य ठरलेल्या स्वरात बोलायचे असते. दुसऱ्या खेपेला सरावानेच अंतर वाढते, म्हणून चाचणी दोनदा घेऊन मोठे अंतर नोंदवतात.

‘सार्थ’, ‘सार्थकता स्तर’ हे शब्द संशोधनपद्धतीच्या मराठी पुस्तकांत रुळले आहेत. प्रबंधात ते जरूर वापरावेत. पण बोलीत ‘सार्थक’ म्हटले की जन्माचे सार्थक, कष्टांचे सार्थक. आजाऱ्याच्या हातातल्या कागदावर ती छटा फार मोठे आश्वासन देऊन जाते. पेशंटला जाणवलेल्या फरकासाठी मराठीत अस्सल शब्द आहेत : गुण येणे, उतार पडणे, आराम पडणे. ते तेवढ्यासाठीच राखावेत.

मूळ अहवालात आकडा असेल तर मी असे लिहीन : ‘हे औषध घेणारे लोक सहा मिनिटांत इतरांपेक्षा सरासरी १० मीटर जास्त चालले. एवढा फरक केवळ योगायोगाने क्वचितच दिसतो.’ दुसरे वाक्य ‘हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ असे फिरवू नका. ते सोपे वाटते, पण चूक आहे. पी-मूल्य तसे सांगतच नाही.

नकारार्थी वाक्याला अधिक जपा. ‘सिग्निफिकंट फरक आढळला नाही’ याचे ‘फरक नाही’ करू नये. ‘फरक आहे असे या चाचणीतून ठरवता आले नाही’ असे लिहावे. मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडतात, त्या ‘उलट भाषांतरा’त ‘सिग्निफिकंट’ शब्द परत आला नाही म्हणून तपासणारा हरकत घेईल. त्याच्यासाठी या दोन्ही वाक्यांचा खुलासा मसुद्यासोबत आधीच जोडून द्यावा, नाहीतर शेवटच्या फेरीत ‘लक्षणीय’ परत येऊन बसतो.