हात न लावता विमान डावीकडे का जातं?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून जुनी जॉयस्टिक घेतली, हात लावला नाही तरी गेममधलं विमान डावीकडे कलतं. नवीन घेऊ का? स्पेस गेमपण खेळतो. (एक वाचक, दादर)

उत्तर : थांबा हो, आधी विंडोजमध्ये कॅलिब्रेट करा (म्हणजे दांडीचा मध्य आणि टोकं पुन्हा ठरवून द्या), तरी सरकत असेल तर डेडझोन (मधला भाग, जिथे दांडी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो) 5 टक्के ठेवून बघा, जास्त नको, नाहीतर लँडिंगला बारीक हालचाल केली तरी विमान ढिम्म हलत नाही. बहुतेक आतले पोटेन्शिओमीटर (दांडी किती कलली ते मोजणारे भाग) घासलेत. नवीन घ्यायचीच तर हॉल इफेक्ट सेन्सरवाली घ्या, त्यात चुंबकावर काम चालतं त्यामुळे सेन्सर घासत नाही. आणि दांडी पिळता येणारी बघा, विमानात त्यावर रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) चालतो, पेडलचा खर्च वाचतो (आपल्या वन रूम किचनमध्ये पेडल ठेवणार कुठे!). स्पेसमध्ये यान वर-खाली, आडवंही सरकतं, त्यासाठी अंगठ्याखालचं हॅट स्विच (चहूबाजूंना ढकलता येणारं छोटं बटण) पुरतं.