रजिस्टर झालेल्या युनियनला कंपनी मान्यता देत नाही, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या कंपनीत 280 कायम कामगार, युनियन रजिस्टर होऊन चार महिने झाले. एचआर म्हणतं, 'आम्ही तुम्हाला मान्यता दिलेली नाही, बोलणी कसली?' मधल्या काळात कंपनीने स्वतःची 'कामगार समिती' काढली, दोन हजारांची पगारवाढ जाहीर केली आणि तुमच्या खजिनदाराची बदली चेन्नईला केली. हे कायद्यात बसतं का, एवढं तुम्ही विचारलंय.

मी वकील नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात 22 वर्षं मशीनवर होतो, त्यातली नऊ वर्षं युनियनचा सरचिटणीस. कोर्टाच्या बाकावर बसून जे शिकलो तेच सांगतो.

एचआर अर्धं खरं बोलतंय. रजिस्ट्रेशन आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी. रजिस्ट्रेशनने युनियनला नाव मिळतं, बँकेत खातं काढता येतं, तिच्या नावाने कोर्टात उभं राहता येतं. मालकाने तिच्याशी वाटाघाटी केल्याच पाहिजेत असं मात्र त्यातून निघत नाही. केंद्राने 1947 मध्ये ट्रेड युनियन कायद्यात मान्यतेची दुरुस्ती मंजूर केली होती, पण ती कधी लागूच झाली नाही. महाराष्ट्राने मग युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठी स्वतःचा कायदा केला, 1971 चा. अंमल 8 सप्टेंबर 1975 पासून. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'एमआरटीयू-पीयूएलपी' म्हणतात, पूर्ण नाव कुणी घेत नाही.

उरलेलं अर्धं खोटं आहे. या कायद्यात मान्यता देणं मालकाच्या हातात नाहीच, ती औद्योगिक न्यायालय देतं. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार तुमचे सभासद असले, तर अर्ज करता येतो. दुसरी कुठली पात्र युनियन मध्ये आली, तर जिचे सभासद जास्त तिला मान्यता. 'आम्ही मान्यता दिलेली नाही' या वाक्याला घाबरू नका, ती त्यांनी द्यायची वस्तूच नव्हे.

आता आमची फजिती ऐका, कारण तुमच्या चार महिन्यांच्या युनियनला तिचाच उपयोग होईल. आमच्याकडे 312 कामगार होते, म्हणजे 94 सभासद लागत. आम्ही 131 दाखवले आणि ऐटीत अर्ज टाकला. सभासदसंख्या तपासायला न्यायालयाच्या मदतीला तपासणी अधिकारी असतो. त्याने पावती पुस्तकं चाळली आणि एक पुस्तक बाजूला काढून ठेवलं. खरं सांगायचं तर दोन महिने वर्गणी गोळा करायचं आम्ही टाळलं होतं आणि नंतर एका रात्री बसून मागच्या तारखांच्या पावत्या फाडल्या होत्या. सगळीकडे एकच पेन, एकच हात. कंपनीच्या वकिलाने मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागवलं. ज्या दिवशी पावतीवर सही होती त्या दिवशी एक जण रजा टाकून गावाला गेलेला, दुसरा ईएसआयच्या दवाखान्यात भरती! 41 पावत्या उडाल्या, उरले 90. चार माणसांनी अर्ज गेला. ती चार माणसं खरोखर आमचीच होती, पैसेही द्यायला तयार होती. आम्ही आळस केला, दुसरं काही नाही.

'मग गुप्त मतदान घ्या ना' असं पोरं म्हणतात. आम्हीही म्हणालो. पण ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली सांगितलं की या कायद्याखाली सभासदत्व तपासूनच मान्यता द्यायची, युनियनांनी आपसांत संमतीने मतदान ठरवलं तरी चालत नाही. म्हणजे सगळं वजन पावती पुस्तकावर. कायद्यात वर्गणी महिन्याला किमान 50 पैसे आहे. तुम्ही दहा घ्या, पन्नास घ्या, पण महिन्याच्या महिन्याला घ्या. दुसऱ्या खेपेला आम्ही पगाराच्या दुसऱ्या दिवशी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो, तिन्ही शिफ्टला. जमलेली रक्कम त्याच आठवड्यात बँकेत. पावत्यांची बेरीज आणि भरणा पावती जुळली की समोरचा वकील फार बोलत नाही.

तुमच्याकडे 280 म्हणजे 84 जण पुरतात. पण तिथे थांबू नका. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्यात एकाहून जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच एकटी वाटाघाटी करते. तेवढं कुणाकडेच नसलं तर किमान 20 टक्के असणाऱ्यांची मिळून परिषद बनते. अर्ज कुठल्या कायद्याखाली टाकायचा हे वकिलाच्या पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. तोवर 143 हा आकडा डोक्यात ठेवा, म्हणजे कुठूनही मोजलं तरी तुम्ही वर.

मोजताना कंत्राटी पोरं धरू नका. ती मनाने तुमच्यासोबत असतील, काम तेच करत असतील, पण मालक-कामगार नातंच वादात असलं तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत धरलंय. मला तो निकाल आजही पटत नाही. अर्धा कारखाना कंत्राटावर चालवायचा आणि मोजणीच्या वेळी त्यांना परके ठरवायचं! पण अर्ज माझ्या पटण्यावर चालत नाही.

कंपनीच्या वागण्याबद्दल. 1971 च्या कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा लिहिल्या आहेत. ती पानं झेरॉक्स करून कमिटीत वाटा. मालकाने स्वतःची युनियन उभी करणं, एखाद्या युनियनला पैशाने किंवा पक्षपाताने बळ देणं, युनियन केली तर कंपनी बंद करू अशी धमकी देणं, सगळं त्यात आहे. आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसतं ते हे: युनियन उभी राहण्याच्या ऐन मोक्यावर तिचा पाया उखडावा म्हणून दिलेली पगारवाढही त्यात आहे. वाढ घ्या, नाकारू नका, नाकारलीत तर घराघरांत तुम्हीच शत्रू व्हाल. फक्त सूचना फलकावरच्या त्या पत्राचा तारखेसह फोटो काढून ठेवा. कामगार समितीचं मात्र जपून. समिती म्हणजे लगेच मालकाची युनियन होत नाही. तिचे लोक कुणी निवडले, सभासद फॉर्म सुपरवायझर भरून घेतोय का, तिच्या बैठका कामाच्या वेळात भरपगारी होतात आणि तुमच्या गेट मीटिंगला मेमो मिळतात का, हे तारीखवार लिहून काढा. अशी समिती उद्या युनियन बनून मान्यतेला आली, तर तिचा अर्ज कामगारांच्या नव्हे, मालकाच्या हितासाठी आहे हे दाखवून तो फेटाळून घेता येतो. तिला सहज जाऊ देऊ नका. मान्यतेचा कागद भलत्याच्या हातात असला की काय होतं ते गिरणगावाने पाहिलंय. 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर होते, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रतिनिधी युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि बोलायचं तर तिच्याशीच, असं मालक आणि सरकार म्हणत राहिले.

मान्यता मिळेपर्यंत तुम्ही अगदीच निहत्थे नाही. मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या निलंबन-बडतर्फीबद्दल मालकाला भेटता येतं आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने बसता येतं. चार्जशीट आली तर एकट्याला आत पाठवू नका. आणि नोटीस न देता मशीन बंद करू नका, कितीही डिवचलं तरी. संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि बेकायदा संप भडकवल्याचं सिद्ध झालं तर पुढचे सहा महिने मान्यतेचा अर्जच अडकतो. कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

राहिला खजिनदार. व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढे करून आकसाने केलेली बदली चौथ्या अनुसूचीत येते. तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची, आणि घटनेपासून 90 दिवसांच्या आत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि 'एचआर बघतो म्हणाले होते' हे कारण न्यायाधीशांना फारसं आवडत नाही. बदली तात्पुरती रोखण्याचा अर्ज तक्रारीसोबतच टाका. खजिनदार दोन महिन्यांपूर्वी चेन्नईला गेला असं तुम्ही लिहिलंय. बदलीच्या पत्रावरची तारीख आजच बघा, आणि पावती पुस्तकं त्याच्या घरी राहिली असतील तर ती आधी आणा.