निफाडचा कंटेनर आणि दोन आरमारं

प्रश्न : मॅडम, आमच्या पारावर हल्ली एकच चर्चा. अमेरिका आणि युरोपचं फाटलंय, आता युरोप आपलीच द्राक्षं जास्त घेणार. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. तुम्ही सांगाल का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : पटत नाही हे बरंच आहे, दादा. माझ्या भावाची बाग पिंपळगाव बसवंतला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला घरचाच वाटला.

2024च्या फेब्रुवारीत त्याच्या थॉमसन द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला निघाला. पॅकहाऊसमध्ये बायका एकेक घड हातात फिरवून कात्रीनं बारीक मणी काढत होत्या, मी तिथंच बसले होते. माल नंबर एक. पण लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती. दोन आठवडे जास्त गेले. तिकडे पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, उघडले तेव्हा मणी घट्ट होते, पण देठ तपकिरी पडलेले. खरेदीदारानं भाव पाडला.

त्याच लाल समुद्रात अमेरिका आणि युरोपचं नातं उघडं पडलं. डिसेंबर 2023मध्ये अमेरिकेनं तिथली जहाजं राखायला आरमारी मोहीम काढली. फ्रान्स आणि इटलीनं आपली जहाजं तिच्या हुकमाखाली दिली नाहीत. फेब्रुवारीत युरोपीय संघानं 'ॲस्पिडीस' ही स्वतःची मोहीम काढली. पुढे मार्च 2025मध्ये अमेरिकी मंत्र्यांच्या खासगी चॅट गटातलं हूथींवरच्या हल्ल्यांबद्दलचं बोलणं फुटलं. उपाध्यक्ष व्हान्स त्यात म्हणत होते, सुएझमधून आपला 3 टक्के व्यापार जातो, युरोपचा 40 टक्के. मग युरोपला पुन्हा आपणच का सोडवायचं?

मला याचं वाईट वाटतं. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचं कलम 5, म्हणजे एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, आजवर एकदाच लागू झालं. तेही 2001मध्ये, अमेरिकेसाठी. चिमुकल्या डेन्मार्कचे चाळीसहून अधिक जवान त्यानंतरच्या अफगाणिस्तानातल्या युद्धात प्राणाला मुकले. त्याच डेन्मार्ककडे ट्रम्प ग्रीनलँड मागतात.

तरी पुरतं तुटलेलं नाही. जून 2025मध्ये हेगला नाटो देशांनी 2035पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या 5 टक्के खर्च करायचं कबूल केलं, आणि पुढच्याच महिन्यात युरोपनं आपल्या बहुतेक मालावर 15 टक्के अमेरिकी आयातशुल्क सोसायचं मान्य केलं. अमेरिकेवाचून त्यांचं अजून भागत नाही.

पारावरचं बोलणं अर्धं खरं आहे. 2013मध्ये अडकलेली भारत-युरोप व्यापार कराराची बोलणी 2022मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ट्रम्प यांच्या शुल्कांनंतर त्यांना जोर आला. पण गिऱ्हाईक वाढलं तरी माल पोचायला वाट लागते, आणि ती वाट राखायची कुणी यावरच तर त्यांचं भांडण आहे.

तेव्हा यंदा सौदा करताना भावाआधी विचारा, जहाज सुएझमार्गे की आफ्रिकेला वळसा घालून? वळसा असेल तर नाजूक देठाचा माल त्या कंटेनरमध्ये भरू नका, आणि देठ सुकला तर भाव कसा धरणार ते सौद्यातच लिहून घ्या. भावानं लिहून घेतलं नव्हतं.