ग्राउंडवर जायची लाज वाटते, सगळे बघतात

"मॅडम, ग्राउंडवर जावंसं वाटतं पण लाज वाटते, सगळे बघालेत असं वाटतं." हे वाक्य सोलापुरात समुपदेशक म्हणून मी इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की आता समोरचं बोलायला लागलं की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. कुणाला जिममध्ये जायचं असतं पण तिथली पिळदार दंडांची पोरं हसतील अशी भीती वाटते, कुणी शाळेत कबड्डी गाजवलेली असते पण कॉलेजात आल्यावर तीन वर्षं मैदानाला पाय लावलेला नसतो. एक मुलगा तर रोज ग्राउंडच्या कंपाउंडला वळसा घालून लांबच्या रस्त्याने लायब्ररीत जायचा, का तर मधून गेलं की कुणीतरी "येतो का खेळायला" विचारेल आणि मग नाही म्हणावं लागेल.

गंमत म्हणजे यातलं कुणीही ही तक्रार घेऊन येत नाही. येतात ते झोप लागत नाही, डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही असं सांगत. मैदानाचं बोलणं फार उशिरा निघतं, बहुतेक वेळा निघायच्या वेळी दारात उभं राहून.

आपल्या जिल्ह्याला 2004 साली स्वतःचं विद्यापीठ मिळालं, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता सांगोला, मोहोळ, अक्कलकोट, करमाळा सगळीकडून मुलं शिकायला इथं येतात, कुणी केगावला विद्यापीठाच्या कॅम्पसवर तर कुणी शहरातल्या कॉलेजात, हॉस्टेलवर नाहीतर चौघांत खोली करून. त्यातली कितीतरी जण घरातली पहिलीच, कॉलेजची पायरी चढलेली. अशा मुलांना वर्गात बसायचा आपला हक्क आहे हे पटलेलं असतं कारण त्यासाठी मार्क मिळवलेत, पण मैदान, जिम, हेल्थ सेंटर, माझ्यासारखीची खोली, या सगळ्या गोष्टी "दुसऱ्यांच्या" वाटतात. माझ्या मते खरी गाठ इथेच आहे आणि ती समजावी म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय. तिला वैशाली म्हणूया, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात देतेय.

वैशाली एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आली तेव्हा डोळ्यांखाली काळं, मेसचं जेवण अर्धं टाकून उठते म्हणाली. अभ्यासाचं विचारलं, घरचं विचारलं, सगळ्याला "तसं काही नाही मॅडम". मग मी विचारलं शेवटचं रडू कधी आलं होतं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मॅचला."

"कसली मॅच?"

"खो-खोचा वर्ल्डकप झाला ना दिल्लीला. मोबाईलवर बघितला. आपल्या मुली जिंकल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रिणींना वाटलं आनंदानं."

जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सगळ्यांना आनंद झाला तेव्हा ही का रडली? तर ही शाळेत खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. कॉलेजात आल्यावर बंद. कुणी बंद केलं का? नाही. मग?

"कुणी विचारलंच नाही मॅडम. टीमच्या मुली ठरलेल्या असतात, त्यांच्यात कशाला उगं जायचं. आणि आता पळायला पण येत नाही पहिल्यासारखं, वजन वाढलंय, सगळे बघतील की."

मी तिला फीची पावती आणायला सांगितली. पुढच्या वेळी घडी घातलेली पावती माझ्यासमोर ठेवली, कोपरे झिजलेले, पाकिटात जपून ठेवलेली. त्यात जिमखाना फीची ओळ होती, ती मी बोट ठेवून दाखवली. मला वाटलं आता ती म्हणेल, अरे हो, पैसे तर भरलेत. ती म्हणाली, "पण हे मी कुठं भरले, माझं तर शिष्यवृत्तीतून गेलं." म्हणजे पैसे भरले असते तरच मैदान तिचं झालं असतं! मी एवढंच म्हणाले की शिष्यवृत्ती ही वर्गापुरती नसते, पूर्ण विद्यार्थिनी म्हणून मिळते. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

खरी गोष्ट पुढे घडली आणि ती मला आजही आठवली की बरं वाटतं. मी तिला म्हणाले, मला खो-खो धड येत नाही, नीट समजावून सांग. इतके दिवस खुर्चीत अंग चोरून बसणारी मुलगी पुढे सरकली. टेबलावरची पेनं, स्टेपलर, पेपरवेट, पंचिंग मशीन, माझ्या चष्म्याचं घर, मिळेल ते ओळीत मांडलं.

"ह्या आठ बसलेल्या. एकीचं तोंड इकडं, तर शेजारणीचं तिकडं. नववी पळती, तिनं पकडायचं."

"आणि बसलेलीला वाटलं, पळणारी अगदी आपल्या जवळून चाललीये, उठून पकडावं, तर?"

"नाही ना मॅडम, फाऊल! मागनं पाठीला हात लागला पाहिजे आणि खो ऐकू आला पाहिजे. त्याशिवाय उठायचंच नाही. कितीबी जवळून गेली तरी."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमचं काम असतं, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. ती स्टेपलरकडे बघत होती. बोटाने तो थोडा सरकवला, परत जागेवर ठेवला.

"मी बसूनच आहे की," ती म्हणाली.

थोडं थांबून मी विचारलं, "आणि पळणाऱ्या? त्या मैदानात येतात तेव्हा त्यांना कोण खो देतं?"

"त्यांना कोण कशाला देईल? तिघी-तिघींची तुकडी असती, आधीची संपली की आपण आत शिरायचं." आणि लगेच स्वतःच पुढे, "दोन खो व्हायच्या आत शिरायचं, नाहीतर आऊट देतात."

त्यानंतर ती रडली, पण बाथरूममध्ये नाही, माझ्यासमोर. माणसाला दुसऱ्याने सांगितलेलं शहाणपण फार काळ पुरत नाही, स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य पुरतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. तिला जे कळायचं होतं ते तिच्याच खेळात होतं, मी फक्त विचारत गेले.

आता जरा विचारसरणीबद्दल. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे, जिला आपल्याकडे विवेकनिष्ठ म्हणतात ती, म्हणजे त्रासामागचा अवास्तव विचार शोधून तो बदलायचा. हा एलिस स्वतः 19 वर्षांचा असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. मग त्याने ठरवलं आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या शंभरावर बायकांशी आपणहून बोलला. भेटायचं कबूल केलं फक्त एकीने, तीही आली नाही. पण भीती गेली, कारण नकार मिळूनही आपल्याला काही होत नाही हे त्याने अंगावर घेऊन बघितलं. आपण उलटं करतो, आधी भीती जाऊ दे मग जाईन म्हणतो. भीती घरी बसून जात नसते, टाळलं की वाढते. "सगळे बघतात" याने कुणी आजारी पडत नाही, "सगळ्यांनी बघताच कामा नये, कुणी हसताच कामा नये, मला पहिल्याच दिवशी पूर्वीसारखं आलंच पाहिजे" हा जो आतला हट्ट असतो ना, तो माणसाला खोलीत कोंडून ठेवतो.

पण सगळी अडचण मनातच आहे असं म्हणणाऱ्या समुपदेशकांशी माझं जमत नाही. वैशालीला मी वहीचं पान मधून दुमडायला लावलं, एका बाजूला तिच्या मनातलं आणि दुसऱ्या बाजूला जे कुणालाही जाऊन बघता येईल असं. दुसरी बाजू चांगलीच भरली. मुलींची कपडे बदलायची खोली कायम कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. जवळ टॉयलेट नाही, म्हणजे पाळीच्या दिवसांत प्रश्नच. हॉस्टेलचं गेट सातला बंद, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना साडेसहापर्यंत मैदानावर पाय ठेववत नाही, मग मुलींनी खेळायचं कधी? हे काही तिच्या विचारांतले दोष नव्हते, ही व्यवस्थेतली कामं होती आणि ती अर्जाने होतात. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक असतात, त्यांच्याकडे लेखी द्यायचं, प्राचार्यांना प्रत द्यायची, पोच घ्यायची, शक्यतो चारपाच जणींच्या सह्यांनी. विद्यापीठ पातळीवर 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ वेगळं आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ वेगळं आहे, तिथंही जाता येतं. मुली म्हणतात अर्ज करून काय होणार, अगं पण न करून काय झालं ते दिसतंयच की. वैशाली आणि तिच्या मैत्रिणींनी अर्ज दिला, खोलीची किल्ली मुलींच्या कॉमनरूमच्या मावशींकडे आली. हॉस्टेलच्या वेळेचं लांबलं, शेवटी पालकांच्या संमतीपत्रावर आणि क्रीडा संचालकांच्या सहीवर सरावापुरती सूट मिळाली. मैदानावर दिवे हवेत हेही मागितलं होतं, ते अजून झालेलं नाही.

मनातल्या बाजूसाठी गृहपाठ वेगळा. पहिल्यांदा मी तिला खेळायला पाठवलंच नाही. बूट घालून रूममेटबरोबर मैदानाला एक फेरी मारायची आणि आपल्याकडे किती जण बघतात ते मोजून यायचं. आली आणि म्हणाली, "दोघांनी बघितलं मॅडम, त्यातला एक वॉचमन." मग दोन फेऱ्या. मग कडेला बसून टीमचा सराव बघायचा आणि उठताना क्रीडा संचालकांना एकच वाक्य बोलायचं, "सर, मी शाळेत खो-खो खेळलेय, सरावाला येऊ का." ते वाक्य तिने माझ्यासमोर कितीदा तरी म्हणून बघितलं, प्रत्येक वेळी आवाज शेवटी विरायचा. सर "ये की" एवढंच म्हणाले.

आणि मग ज्याची भीती होती ते झालंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळीच्या टोकाच्या पोलजवळ वळताना ती पडली आणि ज्युनिअरच्या दोन मुली मोठ्याने हसल्या. ती माझ्याकडे आली ती आता परत जात नाही म्हणत.

"हसल्या. मग?"

"मग काय, वाईट वाटलं."

"आणखी?"

"आणखी... काही नाही. गुडघा खरचटला."

"वाईट वाटणारच गं, मी त्याला औषध देणार नाही. पण वाईट वाटलं म्हणून जायचं नाही, हा नियम कुठला?"

बराच वेळ ती गुडघ्यावरची पट्टी चाचपत बसली. दुसऱ्या दिवशी गेली.

ती कॉलेजच्या टीममध्ये निवडली गेली नाही, हे मुद्दाम सांगतेय. निवड झाली असती तर गोष्ट छान वाटली असती, पण वाचणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना वाटलं असतं की हे आपल्यासाठी नाही. मैदान, जिम, योगाची खोली हे टीममध्ये निवडलेल्यांसाठी राखीव नसतं. वैशाली संध्याकाळी सरावाला जाते, कधी धावते, कधी नुसती बसलेल्या आठांत बसते, रात्री झोपते, मेसचं ताट संपवते. माझ्याकडे ती एवढ्यासाठीच आली होती.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर गर्दीची वेळ टाळून सकाळी जा, आपल्याकडे उन्हाळ्यात सहा ते साडेसात हीच खरी वेळ. एक सोबत बघा. जिममध्ये पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यालाच "मला काही येत नाही, दाखवा" सांगून टाका, लपवण्यातच जास्त दमछाक होते. मैदानावर कुणी छेडलं, त्रास दिला तर तो लाज वाटण्याचा विषय नाहीच, त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती आहे. रॅगिंग असेल तर 1800-180-5522. आणि झोप, भूक, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर फेऱ्या मारून बघू म्हणून थांबू नका. कॉलेजचा समुपदेशक गाठा, नाहीतर 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलता येतं.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, तो वैशालीच्या आईनेही फोनवर विचारला, "खेळून काय मिळणार मॅडम, अभ्यास बुडंल, उन्हात काळी पडंल." राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे मी सांगू शकले असते, पण त्यासाठी ठरलेल्या पातळीवरची कामगिरी आणि प्रमाणपत्र लागतं, तेवढ्यासाठी खेळणाऱ्या मुली थोड्याच असतात. मी म्हणाले, ताई, ती आधी चार तास पुस्तक उघडून बसायची आणि एक पान वाचायची, आता दोन तास बसते आणि वाचते, तुम्ही तिलाच विचारा. तुमच्या घरी अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर फोनवर "जेवलीस का" विचारता तसंच "आज ग्राउंडला गेलीस का" पण विचारा, आणि हॉस्टेलच्या वेळेसाठी संमतीपत्र लागणार असेल तर पुढच्या वेळी भेटायला याल तेव्हा सही करून हातात देऊन जा.